ब्रूजमध्ये एक रात्र: गर्दी चुकवून शहर कसं बघायचं

ब्रसेल्सहून सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेल्जियममधल्या ब्रूज शहराचा बेत बरेच जण आखतात आणि तिथेच गणित चुकतं. दहा ते पाच या वेळात पर्यटकांच्या सगळ्या बसगाड्या माणसं इथे आणून सोडतात, मार्क्ट या मुख्य चौकात पाय ठेवायला जागा नसते. सहानंतर तेच शहर शांत होतं. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास पोचा, रात्री राहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा. शुक्रवार-शनिवारी खोल्या महाग असतात. रविवार ते गुरुवार यातली एखादी रात्र धरा.

ब्रसेल्स मिडी स्टेशनहून थेट गाडीला साधारण एक तास लागतो. बेल्जियमच्या देशांतर्गत गाड्यांत सीटचं आरक्षण नसतं, त्यामुळे त्या दिवसाची कुठलीही गाडी पकडा. तिकीट चढण्याआधी काढा, गाडीत काढलं तर जास्त पैसे पडतात. विमानतळावरून येत असाल तर तिकीट हाताशी ठेवा, तिथल्या स्टेशनच्या फाटकावर ते स्कॅन करावं लागतं. पाट्यांवर फ्रेंच ‘ब्रूज’ नव्हे, तर फ्लेमिश ‘ब्रुग्गे’ हे नाव शोधा.

स्टेशन ते मार्क्ट चालत वीस मिनिटं. पण बॅगेचं काय, हे आधी ठरवा. गावभर दगडी फरसबंदी आहे. दगडांमधल्या फटीत छोटी चाकं अडकतात, त्यात बॅग जड असली की चाकाचा दांडाच वाकतो. मोठी बॅग असेल तर स्टेशनसमोरून गावात जाणारी बस घ्या (कार्ड टेकवून पैसे देता येतात), नाहीतर पाठीवरची सॅक आणा. चालत जाणार असाल तर मिनेवॉटर तळ्याच्या बाजूने जा. वाटेत 1245 साली स्थापन झालेलं बेगिनहोफ (धार्मिक आयुष्य जगणाऱ्या स्त्रियांची वसाहत) लागतं: पांढरी घरं, मधे उंच झाडांचं अंगण. इथे आजही बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी (नन) राहतात, तेव्हा आवाज खाली.

संध्याकाळ रोझेनहुडकाई या कालव्याच्या वळणासाठी राखून ठेवा. दिवे लागल्यावर पाण्यात घरांची प्रतिबिंबं आणि मागे घंटाघर, असा फोटो इथेच मिळतो. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो, डिसेंबरात पावणेपाचला अंधार. जेवणाची वेळ त्यानुसार ठरवा, पण साडेनऊनंतर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं हे विसरू नका. जवळचा बोनिफासियस पूल मध्ययुगीन वाटतो. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. फोटोला काही फरक पडत नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी आठला बाहेर पडा आणि नुसतं भटका. मग घंटाघर. 83 मीटर उंची, 366 पायऱ्या, लिफ्ट नाही. वेळेचं तिकीट ऑनलाइन मिळतं, त्यातली पहिली वेळ घ्या. कारण साधं आहे: चढायचा आणि उतरायचा जिना एकच. वरच्या टप्प्यात तो इतका अरुंद होतो की समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पायऱ्या झिजलेल्या, आधाराला दोर. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका.

तिथून चर्च ऑफ अवर लेडी. मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ येशू ही संगमरवरी मूर्ती इथे आहे. फ्रेंचांनी 1794 मध्ये आणि जर्मनांनी 1944 मध्ये ती पळवली होती, दोन्ही वेळा परत आली. चर्चच्या मुख्य भागात प्रवेश फुकट, मूर्तीच्या भागाला तिकीट. बोटीची फेरी अर्ध्या तासाची. दहाच्या सुमारास पहिल्या बोटी सुटतात तेव्हाच बसा, अकरानंतर रांग लांबते. हिवाळ्यात बोटी बहुतेक बंदच.

शाकाहारी लोकांनी फ्राइजच्या टपरीवर एक प्रश्न विचारायलाच हवा. बेल्जियममध्ये बटाटे दोनदा तळतात आणि परंपरेने त्यासाठी गोमांसाची चरबी वापरतात. वरवर काहीच कळत नाही. फलकावर ‘ओसेविट’ किंवा ‘रुंड्सव्हेट’ लिहिलं असेल तर ती चरबी. ‘प्लांटार्डिगे ओली’ असेल तर वनस्पती तेल. काही न लिहिलेलं असेल तर विचारा, लोक इंग्रजीत नीट सांगतात. वाफलमध्ये अंडं असतंच, चीज क्रोकेटच्या (चीज भरून तळलेल्या रोलच्या) आवरणातही बहुधा असतं. हॉटेलात फुकट पाणी येईल असं धरू नका, ते बाटलीचं आणि बिलात लागतं. सुटे युरो शौचालयासाठी ठेवा.

आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर सायकल भाड्याने घेऊन कालव्याकाठी दाम्मे गावाला जा, अंतर सुमारे 7 किलोमीटर, रस्ता सपाट. उन्हापावसाचा काही नेम नसतो आणि मोकळ्या माळावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, तेव्हा टोपीचा विंडचीटर घ्या. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना समोरून येईल, त्यामुळे परतीला वीस मिनिटं जास्त धरा आणि गाडीची वेळ त्यावरून ठरवा.