मानवी तस्करीविरोधी कामात यायचंय? आधी जबाब घ्यायला शिका

कायदा किंवा समाजकार्य शिकणारी मुलं पणजीत भेटली की इंटरपोलबद्दल हमखास विचारतात. इंटरपोल स्वतः कुणाला अटक करत नाही. १९६ देशांच्या पोलिसांनी एकमेकांना माहिती द्यावी, यासाठी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे तिचं राष्ट्रीय केंद्र म्हणजे दिल्लीतली सीबीआय. राज्यांच्या विनंत्या तिच्यामार्फतच बाहेर जातात, आणि २०२५ पासून त्यासाठी भारतपोल हे पोर्टल आहे. पण दिल्लीला पाठवायचं काय? हणजूण किंवा कळंगुटच्या ठाण्यात पहिल्या एक-दोन दिवसांत जे लिहिलं गेलं, तेच. म्हणून नव्यांना मी आग्रहाने सांगते, जबाब घ्यायला शिका.

सुटका झालेल्या बायकांसोबत बसणं हे माझं काम. हॉटेलात नोकरी लावतो म्हणून केनियातून आणलेली एक मुलगी सुरुवातीला तोंडच उघडेना. तिला झोपू दिलं, स्वाहिली बोलणारी बाई शोधून आणली, मग तिने आपणहून फोन पुढे केला. त्यात +२५४ने सुरू होणारा एजंटचा नंबर होता, तिकिटाचा फोटो होता, घरच्यांनी एम-पेसावरून (मोबाइलने पैसे पाठवायची तिकडची सेवा) भरलेल्या पैशांचा मेसेज होता आणि त्यात पैसे घेणाऱ्याचं नाव. नैरोबीतल्या पोलिसांना असंच काहीतरी हातात असावं लागतं. ‘अनोळखी इसमाने फसवून आणले’ एवढ्यावर तिथे कुणी कुणाला शोधणार? फोन पंचनामा करूनच ताब्यात घ्यायला लावा, आणि डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र विसरू देऊ नका. दुभाषी दलालाच्या ओळखीतला नाही ना, याची खात्री जबाबाआधी करा.

पोलिसांकडून पोलिसांकडे आलेली माहिती तपासाला दिशा देते, पण खटल्यात चालेल असा परदेशातला पुरावा हवा तर न्यायालयाचं विनंतिपत्र लागतं. ते गृह मंत्रालयामार्फत जातं. आरोपीचं प्रत्यार्पण परराष्ट्र मंत्रालयाकडे. यात वर्षं जातात. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली पकडलं, १९९६ साली जन्मठेप झाली. त्याच प्रकरणातल्या ब्रिटनमधल्या एका आरोपीचं प्रत्यार्पण तिथल्या न्यायालयाने दोन दशकं उलटल्यावर स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून नाकारलं. ती मुलं तोवर मोठी झाली होती. हे आठवलं की आजही संताप येतो.

व्हिसा संपलेली बाई दिसली की काही जण तिलाच आरोपी धरतात. तिथे तुम्ही बोललंच पाहिजे. न्याय संहितेचं कलम १४३ स्पष्ट आहे, तस्करीत पीडितेची संमती असली-नसली तरी गुन्हा ठरतोच. दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब लवकर नोंदवून घ्या. मग खटल्यासाठी तिला महिनोन्‌महिने सुधारगृहात अडकवायचं कारण उरत नाही, साक्ष पुढे व्हिडिओवरूनही घेता येते. तिला घरी जायचं असेल तर जाऊ द्यावं, या मताची मी आहे.

अभ्यास म्हणाल तर कायदा किंवा समाजकार्याची पदवी, जोडीला इग्नूचा मानवी तस्करीविरोधी प्रमाणपत्र अभ्यासक्रम. आणि एक भाषा शिका. मी बंगाली सुचवेन. बांगलादेशाशी तस्करीबाबत २०१५पासून करार आहे, तिकडच्या मुलींना घरी पाठवण्याची कामं सतत असतात, आणि जबाब घ्यायला बंगाली समजणारी बाई गोव्यात वेळेवर मिळत नाही.