तेजीत पैसे घालताना काय बघायचं: मुंबईच्या १८६५ च्या मंदीतून

बबल, म्हणजे भावांचा फुगलेला फुगा, आहे की नाही हे वेळेवर ओळखणं फार अवघड, पण फुटला तर आपण टिकू का हे मात्र आजच तपासता येतं. त्यासाठी आपली मुंबईच बघा.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग आपल्या कापसाचे भाव कडाडले आणि तो सगळा पैसा बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये शिरला. बॅक बे रेक्लमेशन या भराव घालणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत गेला.

तर आधी कागद घ्या आणि कंपनीचा नफा कशावर उभा आहे ते एका वाक्यात लिहा. तेव्हाचं वाक्य होतं, "अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर". एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांचा जनरल ली शरण आला आणि कापसाचे भाव कोसळले. तुमच्या शेअरचं "तोवर" कुठलं, सरकारी ऑर्डरी की कच्च्या मालाचा भाव? ते सापडलं की गेल्या ७-८ वर्षांचा सरासरी नफा काढून त्यावर पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते) बघा, नुसत्या शेवटच्या भारी वर्षावर नको.

आता उधारी, माणसं खरी बुडतात ती इथे. मुंबईत १ जुलै १८६५ चे वायदे (आधी ठरलेल्या भावाने त्या दिवशी शेअर घेण्याचे करार) होते, म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे द्यायचे आणि भाव तर आधीच पडलेले, घेणारा कोणी नाही. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन कर्जं वाटली होती, कापूस आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला तिथे फार वजन होतं, आणि त्या बँकेचाच शेअर २,८५० वरून ८७ वर आला.

म्हणून आत्ताच ब्रोकरचं ॲप उघडा, एमटीएफ (ब्रोकरच्या उधारीवर शेअर घेण्याची सोय) चालू असेल तर बंद करा, प्लेज केलेले म्हणजे तारण ठेवलेले शेअर हळूहळू सोडवा, आणि पर्सनल लोन काढून शेअर तर अजिबात नको. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायचं तारण, कमी पडलं की ब्रोकर तुमचे शेअर विकतो, आणि नेमका भाव पडलेला असतानाच. एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) करताय? शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत १०० पैकी ९३ साधे ट्रेडर तोट्यात निघाले.

आयपीओ भरताना प्रॉस्पेक्टसमध्ये पैसा कशाला लागणार ते पान वाचा, सगळं ऑफर फॉर सेल (जुने मालक आपलेच शेअर विकतायत) असेल तर तुमचा पैसा कंपनीत जातच नाही, जुन्या मालकांच्या खिशात जातो. आणि येत्या तीन वर्षांत फी, लग्न, घर यासाठी लागणारी रक्कम एफडीत ठेवून मगच उरलेल्या पैशाचे शेअर घ्या.