दूरच्या विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ कशी काढायची?

संभाजीनगरहून लंडनला जायचं तर चिकलठाणा ते हिथ्रो (दोन्हीकडचे विमानतळ) असं एकच अंतर काढून भागत नाही, कारण थेट विमान नाही. आधी प्रवासाचे टप्पे पाडा: चिकलठाणा–मुंबई आणि मुंबई–हिथ्रो. प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा.

अंतर. गुगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, आधी अक्षांश. मुंबई 19.09, 72.87, हिथ्रो 51.47, –0.46. ते उणे चिन्ह विसरू नका, हिथ्रो शून्य रेखांशाच्या पश्चिमेला आहे. रेखांशांतला फरक म्हणूनच 73.33 अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा (0.2558). दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा (0.1689). बेरीज 0.4247. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) 64.87 अंश, त्याला 111.2 ने (पृथ्वीवर एक अंश म्हणजे इतके किलोमीटर) गुणलं की सुमारे 7,213 किलोमीटर. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर बहुधा रेडियनवर असतो, तो डिग्रीवर आणा. गुगल मॅप्सच्या ‘अंतर मोजा’ सोयीने ताळा करून घ्या. कागदी नकाशावर पट्टी मात्र लावू नका. गोल पृथ्वी सपाट केली की उत्तरेकडची अंतरं ताणली जातात.

वेळ. लांब पल्ल्याला ताशी 880 किलोमीटर धरा: 8.2 तास. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यांचा अर्धा तास मिळवला की पावणेनऊ. मुंबईहून जाताना मात्र याहून तासभर तरी जास्त धरावा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि त्यांना वळसा आला.

हीच रीत चिकलठाणा–मुंबईला लावली तर फसाल. अंतर जेमतेम 280 किलोमीटर. विमान पुरत्या वेगात येतं न येतं तोच उतरायला लागतं. इथे भागाकार सोडा, तिकिटावरचा तासाभराचा वेळच खरा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबई दुपारी 2, लंडन संध्याकाळी 6:30 म्हणजे साडेचार तास नव्हेत; हिवाळ्यात लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं, ते मिळवा, दहा तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच तासांचा.

खरी गडबड मधल्या थांब्यात होते. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत बॅगा स्वतः उचलून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही. अशा वेळी मध्ये पाच-सहा तास ठेवा. दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत ना, तेही बघा. आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. नांदेड-लातूरकडच्यांनी तिकीट काढण्याआधी हैदराबादमार्गे एकूण वेळ किती होतो हेही मांडून बघावं, पुष्कळदा तोच कमी भरतो.