फळी बसवायच्या आधी भिंत ओळखा

स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी बसवणं हे एका दुपारचं काम. ती पुढे कधी निखळली, तर दोष बहुतेक वेळा भिंत न ओळखता पाडलेल्या भोकाचा असतो. साताऱ्याच्या जुन्या पेठांत काळा दगड मातीत रचलेल्या भिंती आहेत, नव्या इमारतींत विटा किंवा हलके ब्लॉक. सांगलीत गावभाग, सांगलवाडीकडे २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी मुरलेले गिलावे आहेत.

म्हणून आधी भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला किंवा लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटलेला दिसला, तर गिलावा सुटला आहे. तिथे फळी नकोच. आधी गिलावा काढून नवा करा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायरी आणि नळाच्या रेषेत पाइप असतात. त्या पट्ट्यापासून किमान सहा इंच लांब राहा.

तीन फूट लांब, आठ इंच रुंद, १८ मिमी प्लायची फळी घ्या. दोन्ही टोकांपासून सहा इंच आत एकेक ब्रॅकेट लावा. धान्याचे डबे ठेवणार असाल तर मध्ये तिसरा हवाच. ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावा. छोटी बाजू भिंतीला बरी दिसते म्हणून तशी लावतात, पण त्याने वरच्या स्क्रूवरची ओढ वाढते आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) उपटून येते.

दोन ब्रॅकेटांची उंची जुळवायला पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप उत्तम. पाण्यात बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तो आधी घालवा. जमिनीवरून मोजू नका, फरशीला उतार असतो.

८ मिमी बिट, ८ मिमीची ५० मिमी लांब गिट्टी, १० नंबरचा दोन इंची स्क्रू. बिटवर ६० मिमीला टेप गुंडाळून खूण करा. डोळ्यांवर चष्मा लावा आणि बाहेर येणारी भुकटी पाहत राहा. सुरुवातीची राखाडी भुकटी गिलाव्याची. त्यानंतर लाल आली की वीट लागली, इथे गिट्टी छान धरते. पांढरट, पिठासारखी आली तर हलका ब्लॉक: ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद करा आणि त्याच ब्लॉकसाठीची नायलॉन गिट्टी आणा, साधी गिट्टी त्यात फिरत राहते. मातकट आणि मऊ आली तर दगडांमधला सांधा लागलाय. तिथे काहीच टिकणार नाही, दोन-तीन इंच सरकून दगड शोधा. काळ्या दगडात साध्या ड्रिलने बिट तापून जळतो. रोटरी हॅमर (जोरदार ठोके देणारं मोठं ड्रिल) भाड्याने आणा.

गिलावा इंचभर जाड निघाला तर ७५ मिमीची गिट्टी आणि तीन इंची स्क्रू वापरा, बिटवरची टेपही त्या मानाने मागे घ्या. गिट्टीची पकड विटेत हवी, गिलाव्यात नव्हे. भोकातली धूळ फुंकून पूर्ण काढा. ती राहिली की गिट्टी अर्धवट आत जाते आणि स्क्रू पिळताना फिरते.

भोक मोठं झालंच, तर काड्या किंवा कागद कोंबू नका. एम-सीलचे (सांधे बुजवायच्या लुकणाचे) दोन्ही भाग समान घेऊन मळा आणि भोकात भरा, गिट्टी त्यात दाबा आणि रात्रभर राहू द्या. फळी खालून अर्ध्या इंची स्क्रूने जोडा, पाऊण इंची वापरलात तर टोक प्लायमधून अगदी वरच्या थरापर्यंत येतं.