पेट स्कॅनला जाताना: उपास वेगळा, उपाशीपोटी वेगळे

कर्करोगाच्या रुग्णाला पेट स्कॅन (रोग शरीरात कुठवर पसरला आहे ते दाखवणारी चित्रतपासणी) सांगितला की घरात आधी खर्चाची चर्चा होते, मग किरणोत्सर्गाची. आदल्या दिवशी काय खावे आणि काय टाळावे याचा विषय निघतो तो बहुधा रात्रीची जेवणे उरकल्यावर. वस्तुतः अहवाल कितपत भरवशाचा ठरेल, हे बऱ्याच अंशी त्या एका दिवसावर अवलंबून असते.

या तपासणीत शिरेतून एफडीजी नावाचे द्रव्य टोचतात. ती ग्लुकोजसारखीच साखर असते. फक्त तिच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. कर्कपेशी साखर हावरटपणे ओढून घेतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले होते, आणि त्यांची तीच खोड येथे कामी येते. ही साखर पेशीत शिरते, पण तिचे पुढे ज्वलन होत नसल्यामुळे ती तेथेच अडकून राहते आणि ती जागा चित्रात उजळलेली दिसते. मात्र नुकतेच काही खाल्ले असेल, तर वाढलेल्या इन्सुलिनमुळे एफडीजी स्नायूंत ओढले जाते आणि गाठ फिकी पडते.

म्हणून सुईआधी किमान चार ते सहा तास पोट रिकामे हवे. उपाशीपोटी म्हणजे एकादशीचा उपास नव्हे. साबुदाण्याची खिचडी, केळे, शहाळे, चहा, खडीसाखरेचा खडा, खोकल्याचे गोड औषध, यांतले काहीही चालत नाही. चालते ते फक्त साधे पाणी, आणि ते भरपूर प्यावे. आदल्या रात्री भात, भाकरी व गोड टाळून अंडी, मासे, पनीर किंवा पालेभाजी घ्यावी. व्यायाम आणि ओझी उचलणे चोवीस तास बंद ठेवावे, कारण दमलेले स्नायूही साखर खेचतात. मधुमेह असल्यास वेळ ठरवतानाच तसे सांगावे. रक्तातली साखर साधारण २०० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) वर असली तर तपासणी अनेकदा पुढे ढकलतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी उजळतात, त्यामुळे काही वेळा ते ४८ तास थांबवतात. पण ते आणि इन्सुलिन यांचा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

वेळ मात्र कसोशीने पाळावी. फ्लोरिन-१८ ची मात्रा दर ११० मिनिटांनी निम्मी होते. सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात तयार झालेले द्रव्य साठवून ठेवता येत नाही. बाहेरगावच्या रुग्णाने आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचावे, हे उत्तम.

सुईनंतर सुमारे तासभर स्वस्थ पडून राहायचे असते. या वेळात गप्पा मारल्यास स्वरयंत्राचे आणि सुपारी चघळल्यास जबड्याचे स्नायू उजळतात. घशाच्या कर्करोगात असा घोळ परवडत नाही. थंडी वाजली तर मानेभोवतीची, शरीराला ऊब देणारी तपकिरी चरबी उजळते आणि रोग पसरलेल्या लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा) भास होऊ शकतो. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही स्वेटर बरोबर न्यावा. एसीच्या खोलीत त्याचा उपयोग होतो.

अहवाल हाती आल्यावर एसयूव्हीचे, म्हणजे एखाद्या जागेने किती एफडीजी ओढले ते दाखवणारे, आकडे पाहून घाबरू नये. मेंदू, हृदय व मूत्राशय निरोगी माणसातही उजळतात. आपल्याकडे याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षयरोग: क्षयाच्या गाठी कर्करोगाइतक्याच ठळक दिसू शकतात. पहिले निदान बायोप्सीनेच पक्के होते. पेट स्कॅन प्रामुख्याने रोग कुठवर पसरला आहे ते सांगतो. काही मिलिमीटरच्या गाठी त्यातून निसटतात, मेंदूसाठी एमआरआय सरस ठरतो, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाला एफडीजीऐवजी सहसा पीएसएमए पेट (प्रोस्टेटच्या पेशींवरील प्रथिनाला चिकटणारे द्रव्य वापरणारा स्कॅन) लागतो.

उपचारांचा परिणाम पाहताना मधल्या अंतराला फार महत्त्व असते. किरणोपचारांनंतर ऊती सुजलेल्या असतात आणि सूजही उजळते. म्हणून तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात साधारण १२ आठवडे थांबतात. घाईने केलेला स्कॅन नसता धसका देतो. केमोथेरपीची शेवटची तारीख, पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन, अलीकडची लस व ती कोणत्या दंडात घेतली, ताप किंवा जखम, हे सारे कागदावर लिहून न्यावे. लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) डॉव्हिल नावाची १ ते ५ अशी श्रेणी वापरतात: गाठीची चमक यकृताच्या चमकेपेक्षा कमी किंवा तितकीच असेल, तर १ ते ३ ही श्रेणी मिळते आणि तिचा अर्थ बहुधा चांगला असतो, ४ किंवा ५ आल्यास पुढचा विचार सुरू होतो. पुढचे स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर करावेत, कारण यंत्र बदलले की आकड्यांची तुलना डळमळते. केंद्र बदलावेच लागले, तर जुन्या स्कॅनची सीडी न्यावी. अहवालाचा कागद पुरत नाही.

गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रीने ही गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. घरी परतल्यावर पाणी भरपूर प्यावे, वरचेवर लघवीला जावे, आणि नातवंड कितीही बिलगायला आले तरी त्या दिवशी त्याला मांडीवर घेऊ नये.