नोव्हेंबरचा हवामान अंदाज आपल्या बागेपुरता कसा उतरवायचा

‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असं वाचलं की निम्मे द्राक्ष बागायतदार निर्धास्त होतात. तुरळक म्हणजे थोडासा, असा समज. हवामान खात्याच्या भाषेत मात्र हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतो. पाऊस मोजणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे ‘तुरळक’, ५० पर्यंत ‘काही’, ७५ पर्यंत ‘बऱ्याच’. तुमचं शिवार त्या तुरळकात सापडलं तर गाराही झेलाव्या लागतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीत निफाड तालुक्यातल्या बागा अशाच झोडपल्या गेल्या.

किती पडेल त्यासाठी वेगळे शब्द आहेत: हलका म्हणजे २.५ ते १५.५ मिमी, मध्यम म्हणजे ६४.४ पर्यंत. गव्हाला १० मिमी पाऊस फायद्याचाच. फुलोऱ्यातल्या द्राक्षाला तेवढ्यातच गळ आणि कूज लागते. म्हणून अंदाज वाचण्याआधी प्रत्येक प्लॉटच्या छाटणीची तारीख आणि आज कितवा दिवस, हे भिंतीवर लिहून ठेवा. ३५ ते ४५ दिवसांचा, म्हणजे फुलोऱ्याच्या आसपासचा प्लॉट सगळ्यात नाजूक.

पाहायचं काय? जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज रोज, मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर, आणि ढग दाटले की तीन तासांचा तातडीचा इशारा. पंधरा दिवसांच्या आकड्यांवर फवारणी ठरवू नका. पाच दिवसांपुढे तारीख पक्की धरण्यात अर्थ नाही.

याच्या जोडीला बागेत तीन वस्तू हव्यात. एक कमाल-किमान थर्मामीटर, सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर. पत्र्याच्या शेडखाली टांगलेला दिवसा दोन-तीन अंश खोटं सांगतो. दुसरं, सरळ भिंतीचं, सपाट तळाचं भांडं, उघड्यावर. पट्टीनं मोजलेला एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. तिसरी, काठीला बांधलेली चिंधी. इतकी स्वस्त वस्तू, पण ती लावायचा आळस फार.

चिंधी उत्तरेकडून दक्षिणेला उडतेय, आभाळ निरभ्र आहे, तर थंडी वाढणार. वारा फिरून पूर्व-आग्नेयेकडून येऊ लागला आणि पहाटेचं किमान तापमान एका रात्रीत चार-पाच अंशांनी चढलं, तर समुद्राकडून बाष्प आलंय. ढग आणि बाष्प रात्रीची उष्णता वर जाऊ देत नाहीत म्हणून ही ऊब. ‘बरं झालं, थंडी पळाली’ म्हणू नका. बहुतेक वेळा डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा या बुरशीरोगाची, सुरुवात इथूनच होते.

डाऊनीला पानावर काही तास टिकणारी ओल आणि साधारण १८ ते २५ अंश तापमान लागतं. सकाळी दाट कॅनॉपीतली (वेलीच्या पानांच्या छतातली), खालची पानं उलटून पाहा. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसला, पण खाली पांढरी बुरशी नाही, तर ते पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर घरात ठेवा. डाऊनी असेल तर बहुधा सकाळी डागाखाली कापसासारखी पांढरी वाढ उमटते. पावसानंतर आधी तारा हलवून किंवा ब्लोअर मारून घडांतलं पाणी झटका. ओल्या पानावर फवारलेलं औषध पाण्याबरोबर ओघळून जातं. मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) लेबलावरचाच. निर्यातीची बाग असेल तर त्यात तडजोड नको.

आता थंडी. शहराचा आकडा वापरू नका. निफाडकडचा सखल भाग स्वच्छ, शांत रात्री शहरापेक्षा जास्त गारठतो, कारण थंड हवा जड असते आणि खोलगटात साचते. अंदाज बांधायला संध्याकाळी सहाला साधा थर्मामीटर आणि बुडाला ओली वात गुंडाळलेला थर्मामीटर, दोन्ही वाचा. कोरडा २२, ओला १४ असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागतं ते) आठच्या आसपास येतो, आणि वारा पडलेला, आभाळ मोकळं असेल तर पहाटेचा पारा साधारण तिथवर उतरतो. पुढे दव पडू लागलं की उतरण्याचा वेग मंदावतो. मध्येच ढग आले तर हा हिशोब फसतो.

पारा एक आकडी होणार असं दिसलं की शेकोट्यांच्या धुरापेक्षा ओलीवर भर द्या. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते, म्हणून पाणी आदल्या दुपारी द्या. पहाटे ठिबक सुरू करणंही चालतं, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. मात्र मण्यात पाणी उतरलेल्या, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागलेल्या बागेत रोजचंच पाणी द्यायचं, फक्त वेळ बदलायची. एकदम जास्त दिलं तर मणी तडकतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या वाणात याच वेळी गार रात्री आणि तापलेल्या दुपारी मिळून पिंक बेरी, म्हणजे मण्यांवर नको असलेली गुलाबी झाक, आणतात. घडांना वर्तमानपत्राचा कागद पाणी उतरायच्या आधीच गुंडाळा. गुलाबी झाक दिसल्यावर गुंडाळलेला कागद ती परत घालवत नाही.