मागचे एक चाक नुसतेच फिरते तेव्हा : फोर्ड पिकअपचे डिफरन्शियल बदलताना

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फावर किंवा ओल्या गवतावर अडते ती याच कारणाने. एक चाक भिरभिरत राहते, दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही ढिम्म हलत नाही, आणि चालकाचा समज होतो की सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकाकडे निघून गेली. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी म्हणजे डिफरन्शियल. साधे, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देते. पण बर्फावरच्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच टॉर्क दुसऱ्यालाही मिळत असल्याने, कोरड्यावरच्या चाकाची पकड कितीही चांगली असली तरी ती वाया जाते. या लेखात अमेरिकेतील जुन्या फोर्ड एफ-१५० चे उदाहरण घेतले आहे, कारण तिच्या मागच्या ॲक्सलमधील ८.८ इंची क्राउनचे (मोठ्या दातेरी चक्राचे) हाउसिंग १९८३ पासून लाखो गाड्यांत बसलेले आहे, त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि घरच्या गॅरेजमध्ये बसून शिकण्याजोगे हे काम आहे.

पैसे खर्च करण्याआधी टायर पाहावेत. झिजलेल्या टायरवर बसवलेले महागडे डिफरन्शियल पूर्वी एक चाक फिरवत होते, आता दोन फिरवेल, एवढाच फरक पडतो. चांगले हिवाळी टायर आणि ॲक्सलच्या बरोबर वर ठेवलेली वाळूची दोन-चार पोती एवढ्यानेच भागत असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

त्यानंतर आपल्या गाडीत काय आहे ते ओळखावे. हाउसिंगच्या कव्हरच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘३ ५५’ असे आकडे असतील तर ३.५५ गुणोत्तराचे ओपन डिफरन्शियल आहे, आणि मधे इंग्रजी ‘एल’ अक्षर घालून ‘३एल५५’ असे लिहिले असेल तर कंपनीचेच लिमिटेड स्लिप, म्हणजे पकड असलेल्या चाकाला जास्त जोर पोचवणारे डिफरन्शियल आहे. पट्टी गंजून गेली असल्यास मागची दोन्ही चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर ते ओपन, किंवा आतल्या क्लच प्लेट पार झिजून ओपनसारखेच झालेले लिमिटेड स्लिप. खरेदीपूर्वी ॲक्सल शाफ्टच्या टोकावरचे दातेही मोजावेत, कारण एफ-१५० मध्ये ते सहसा ३१ असतात, तर फोर्डच्याच त्याच ८.८ इंची मापाच्या रेंजर पिकअपमध्ये २८, आणि चुकीच्या संख्येचा केज (ज्यावर क्राउन बसते तो डिफरन्शियलचा गाभा) आणला तर तो शाफ्टवर चढतच नाही.

आता निवड. क्लच प्लेटचे लिमिटेड स्लिप स्वस्त पडते, शांत चालते, पण प्लेट झिजतात आणि तेलात दर वेळी ४ औंस, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटर, फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटचे घर्षण जुळवणारे द्रव्य) मिसळावे लागते. ते विसरले की वळणावर मागून गुरगुर ऐकू येते. डेट्रॉइट लॉकर सरळ जाताना दोन्ही चाके पूर्ण जोडून टाकतो. खडकाळ वाटेवर त्याला तोड नाही, परंतु निसरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही चाके एकदम सुटली की गाडीचे शेपूट बाजूला जाते, आणि रोज कामावर जाण्याच्या गाडीत तो मी तरी बसवणार नाही. एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीचा हवेवर चालणारा लॉकर हवा तेव्हाच लागतो, पण त्यासाठी कॉम्प्रेसर, नळी आणि हाउसिंगला छिद्र अशी सगळी जोडणी आली. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये मिळणारा ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतो. आपल्याकडच्या महिंद्र थारमधील मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलही ईटनच्याच घराण्यातले. ओपन डिफरन्शियलच्या आतले, चाकांना वेगवेगळे फिरू देणारे स्टार गिअर वेल्डिंग करून कायमचे जोडण्याचा उपाय काही जण सुचवतात. वळताना टायर घासणारी आणि ॲक्सल शाफ्टला पीळ देणारी ती गाडी शेताच्या बांधापुरती ठीक, रस्त्यावर नको.

रोजच्या वापरासाठी माझा कौल ईटन ट्रूट्रॅकला आहे. त्यात क्लच प्लेट नाहीत, तिरप्या दातांचे गिअर आहेत, आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला ते दुसऱ्याच्या काही पट टॉर्क पोचवतात. या ‘पट’ शब्दातच त्याची मर्यादा आहे : एक चाक पूर्ण अधांतरी असेल तर शून्याची कितीही पट शून्यच, आणि मग ब्रेक हलकेच दाबून त्या चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो. तेल साधे खनिज ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचे, वापरावे. सिंथेटिक तेल निर्माता स्वतःच सुचवत नाही.

साधनांत डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे माप) चुंबकी बैठकीसह, टॉर्क रेंच, बेअरिंगसाठी प्रेस किंवा प्रेस असलेल्या वर्कशॉपशी ओळख, शिमचा (जागा जुळवणाऱ्या ठरावीक जाडीच्या चकत्यांचा) संच, दातांना लावायची पिवळी पेस्ट आणि भरपूर चिंध्या एवढे हवे. डायल गेज नसेल तर काम सुरूच करू नये.

गाडी सपाट काँक्रीटवर उभी करून पुढच्या चाकांना उटी लावावी, मागचा भाग उचलून ॲक्सलच्या नळ्यांखाली स्टँड द्यावेत आणि चाके व ब्रेक ड्रम काढावेत. तेल काढण्यापूर्वी तेल भरण्याचा प्लग सुटतो का ते पाहावे. जुन्या हाउसिंगला खाली ड्रेन प्लग नसतो. त्यामुळे कव्हर फोडून तेल सांडल्यावर वरचा प्लग गंजून अडकल्याचे कळले, तर गाडी तिथेच राहते. नंतर कव्हरचे खालचे बोल्ट काढून, वरचे दोन अर्धवट ठेवून कडेला पट्टी घालावी, म्हणजे तेल अंगावर न येता तसराळ्यात पडते.

कव्हर निघताच काहीही सोडण्याआधी क्राउन आणि पिनियन (क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) यांच्या दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, मोजून ठेवावा. डायलचे टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या कडेवर काटकोनात टेकवावे, पिनियन स्थिर धरावे आणि क्राउन पुढेमागे हलवून काटा किती सरकतो ते पाहावे. चार ठिकाणी मोजून आकडे हाउसिंगवरच खडूने लिहावेत. या ॲक्सलसाठी मर्यादा ८ ते १५ थाऊ, म्हणजे इंचाचे ०.००८ ते ०.०१५, आणि चार आकड्यांत ४ थाऊपेक्षा जास्त तफावत नसावी. क्राउन आणि पिनियन जुनेच ठेवायचे असतील तर पिनियनला हात लावू नये. त्याची खोली कारखान्यात जुळवलेली आहे, आणि आपले सारे काम क्राउन पुन्हा त्याच जागी आणून बसवण्याचे आहे.

केजमधला आडवा शाफ्ट एका बारीक लॉक बोल्टने धरलेला असतो. हा बोल्ट तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, म्हणून सहा कडांचे सॉकेट पूर्ण बसवून, झटका न देता सोडावा आणि जोडताना नवाच वापरावा. आडवा शाफ्ट सरकवून काढला की चाकाचा ॲक्सल शाफ्ट आत ढकलावा, त्याच्या टोकाची सी-क्लिप (त्याला धरून ठेवणारी सी आकाराची कडी) खाली पडते, मग ॲक्सल शाफ्ट सीलला न घासता सरळ बाहेर ओढावा. १९८७ नंतरच्या गाड्यांत हाउसिंगच्या वर मागच्या एबीएसचा सेन्सर असतो. तोही आधी काढावा. त्याची दातेरी रिंग केजवर दाबून बसवलेली असते, ती उतरवताना बहुधा वाकते, म्हणून नवी मागवून ठेवणे बरे.

बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर पंच मारून डावी-उजवी खूण करावी, कारण त्या हाउसिंगसोबतच घासून तयार केलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. बोल्ट पूर्ण न काढता केज पहारीने उचकटावा, नाहीतर तो अचानक सुटून पायावर येतो. दोन्ही बाजूंच्या शिम वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. पहिल्या खेपेला मी त्या एकाच डब्यात टाकल्या, आणि कोणती कुठली हे ठरवण्यात रविवारची अख्खी दुपार गेली. या शिम ओतीव लोखंडाच्या असतात. हातोडीने ठोकल्या तर तडकतात.

क्राउन नव्या केजवर चढवताना दोन्ही पृष्ठभाग इतके स्वच्छ हवेत की नख फिरवले तरी काही लागू नये. बोल्टला लाल थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून, समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळत ७० ते ८५ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे साधारण ९५ ते ११५ न्यूटन-मीटर, न्यावे. बेअरिंग नवीच दाबावीत. मग जुन्या शिम जुन्याच जागी घालून केज बसवावा, कॅप तेवढ्याच टॉर्कने आवळाव्यात आणि पुन्हा प्ले मोजावा. नवा केज जुन्याच्या तंतोतंत मापाचा क्वचितच असतो, त्यामुळे आकडा सहसा बदललेला दिसतो, आणि इथून खरी कसोटी सुरू होते.

समजा आता प्ले १८ थाऊ आला आणि आपल्याला ११ हवा आहे. केज बाजूला १० थाऊ सरकवला की प्ले साधारण ७ थाऊने बदलतो. क्राउनच्या मागची शिम जाड केली की क्राउन पिनियनकडे जाते आणि प्ले कमी होतो. म्हणजे क्राउनच्या बाजूला १० थाऊ वाढवायचे आणि समोरच्या बाजूने तेवढेच कमी करायचे, म्हणजे दोन्ही शिमची बेरीज तीच राहून बेअरिंगवरचा ताण बदलत नाही. शेवटची शिम बोटाने आत गेली तर ताण कमी आहे असे समजावे. ती प्लास्टिकच्या हातोडीच्या हलक्या टोल्यांनी जायला हवी. तीन-चार वेळा सगळे काढून घालावे लागले तर वैतागू नये, प्रत्येक वेळी शिम मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहावी.

आकडा जमल्यावर क्राउनच्या चार-पाच दातांना पिवळी पेस्ट लावून, चिंधीने क्राउनला थोडा विरोध देत पिनियन फिरवावे. उमटलेला ठसा दाताच्या माथ्याला किंवा मुळाला न चिकटता मधोमध हवा. जुन्या दातांवर झिजेची चकाकी आधीपासूनच असते. नवा ठसा तिच्यावर पडला तर आवाज येण्याची भीती उरत नाही.

पुढची जोडणी केजसोबत आलेल्या कागदाच्या क्रमाने करावी. कव्हरला सिलिकॉन गॅस्केट लावून तासभर थांबावे, मग सुमारे अडीच लिटर तेल भरावे. पातळी छिद्राच्या खालच्या कडेपेक्षा दोनेक सूत खाली राहिली तरी चालते. ॲक्सलच्या नळीवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) फुंकून पाहावा. तो चोंदला तर गरम तेलाचा दाब नवे सील फोडून बाहेर येतो, आणि दोष उगाच आपल्या कामाला लागतो.

पहिले वीसेक मैल सावकाश चालवून, मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावीत, आणि ॲक्सल थंड झाल्यावर कव्हरची कड बोटाने चाचपावी. क्राउन-पिनियन नवे टाकले असतील तर ५०० मैलांनंतर तेल बदलावे. यापुढे एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये कधीही फिरवू नये : पूर्वी ओपन डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाक गप्प बसत असे, आता तेही जोर लावून गाडी जॅकवरून खाली ओढू शकेल. टायर बदलणाऱ्या दुकानातही हे आधीच सांगून ठेवावे.